खाऱ्या वाऱ्यातला क्रोम: एका पद्मिनीचे दोन बंपर

पार्श्वभूमी

गाडी १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट म्हणून बनू लागलेली, पुढे १९७० च्या दशकात पद्मिनी झालेली. ही गाडी पुण्यात एकाच घरात तीन दशकं राहिली. तेव्हाचे फोटो पाहिले तर दोन्ही बंपरांत समोरच्या भिंतीच्या विटा मोजता येतात. मालक निवृत्त झाल्यावर मालवण तालुक्यातल्या मूळ घरी राहायला गेले, गाडीही सोबत गेली. घरापासून समुद्र तीनशे मीटरवर.

तिथे पाच पावसाळे गेले आणि बंपरांची रया गेली. जे पुण्यात तीस वर्षांत झालं नाही, ते इथे पाच वर्षांत झालं. नुसत्या पावसाने हे होत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो गाडी धुऊनही टाकतो. खरा घात उरलेल्या आठ महिन्यांत होतो. खारा वारा येतो, मिठाचा बारीक थर बसतो, रात्री त्यावर दव पडतं आणि सकाळी ते वाळतं. त्यात गाडी पत्र्याच्या शेडमध्ये, जांभ्याच्या ओल्या जमिनीवर, वर प्लास्टिकचं जाड कव्हर घालून उभी असायची. कव्हर पाऊस अडवत होतं, आणि जमिनीतून येणारी वाफही आत कोंडून ठेवत होतं.

अडचण नेमकी काय होती

मालकांची तक्रार एका वाक्यात होती: "घासलं की जातं, आठवड्यात परत येतं."

असं का होतं, ते बंपरवर काय चढवलेलं असतं त्यावरून कळतं. पत्र्यावर आधी निकल असतं, चांगल्या कामात त्याच्याही खाली तांबं. सगळ्यात वर क्रोम. हा क्रोमचा थर पाव ते अर्धा मायक्रॉन एवढाच. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा, यावरून अंदाज यावा. क्रोम स्वतः गंजत नाही, पण त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रं असतातच. पाणी अडवायचं काम निकल करतं. निकलला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की खालचं लोखंड उघडं पडतं आणि मग खेळ उलटा होतो. निकल-क्रोमचा मोठा पृष्ठभाग शाबूत राहतो आणि त्याच्या वाट्याचं सगळं गंजणं त्या टाचणीएवढ्या लोखंडावर येतं. म्हणून गंज पसरत नाही, विहिरीसारखा खाली जातो. वर दिसतो तो तांबूस ठिपका म्हणजे विहिरीतून वर आलेला गाळ. तो पुसला तरी विहीर जागेवरच असते.

आधी काय करून झालं होतं

दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका मिस्त्रीने पुढच्या बंपरच्या डाव्या कोपऱ्यावर संडास साफ करायचं ॲसिड लावलं होतं. गंज दोन मिनिटांत गेला आणि सगळे खूश झाले. या ॲसिडमध्ये साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक असतं, आणि जुना क्रोम उतरवायला प्लेटिंगवाले, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूचा थर चढवणारे, हेच ॲसिड वापरतात. गंजाबरोबर तिथला क्रोमही गेला. आज त्या जागी तळहाताएवढा डाग आहे. बाकीचा बंपर निळसर चमकतो, हा डाग पिवळसर. पिवळं दिसतं ते उघडं पडलेलं निकल.

त्यानंतर मालक भांड्यांची लोखंडी तारेची घासणी वापरत होते. क्रोम तिच्याहून कठीण असल्याने त्याला फारसं काही झालं नाही. पण तारेचे बारीक तुकडे मोडून त्याच छिद्रांत अडकत होते आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच गंजत होते. "आठवड्यात परत येतं" यातला बराच गंज बंपरचा नव्हता, घासणीचा होता.

तपासणी

कामाला हात घालण्याआधी दोन्ही बंपर खाली उतरवले. हा पहिला निर्णय. बंपर गाडीवर असताना काम करावं असा मालकांचा आग्रह होता, कारण बोल्ट तुटतील ही भीती. भीती खरी ठरली. गोल टोपीच्या बोल्टांचा खालचा चौकोन झिजलेल्या भोकात नुसता फिरत होता. डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मं-निम्मं करून दोन दिवस पाजल्यावर आठपैकी पाच सुटले, तीन हॅक्सॉच्या पात्याने कापावे लागले. ग्राइंडर मुद्दाम लावला नाही. त्याच्या ठिणग्या म्हणजे तापलेल्या लोखंडाचे कण. ते क्रोमवर आणि काचेवर चिकटतात आणि तिथे नवे ठिपके सुरू होतात.

बंपर उलटा केल्यावर गोष्ट उघडी झाली. खालच्या वळलेल्या कडेत लाल मातीचा घट्ट गाळ बसला होता. दाभणाने उकरल्यावर एका टोकाकडून वाटीभर निघाला, आतून अजून ओला. काम जानेवारीत चाललं होतं, म्हणजे पाऊस जाऊन तीन महिने झाले होते. मागच्या बाजूला प्लेटिंग जवळजवळ नव्हतंच. तो कारखान्याचा दोष नाही. प्लेटिंगच्या टाकीत करंट बाहेरच्या कडांवर जास्त जातो, खोलगट जागेत कमी, त्यामुळे बंपरच्या पोटात निकल पातळ बसतं आणि क्रोम तर पोहोचतच नाही.

मग ठिपक्यांची वर्गवारी केली. नुसता ओघळ असेल तर ओल्या कापडाने निघतो आणि नख फिरवलं तर खाली गुळगुळीत लागतं. छिद्र असेल तर नख अडत नाही, पण दाभणाचं टोक बसतं. फोड असेल तर नखाला उंचवटा लागतो आणि दाबलं की कडक पापडासारखं मोडतं. पुढच्या बंपरवर ओघळ आणि छिद्रंच होती. सगळ्यात खराब जागी दहा सेंटिमीटरच्या चौकोनात चाळीसेक छिद्रं मोजली, मधल्या भागात तेवढ्याच जागेत तीन. मागच्या बंपरवर सायलेन्सरच्या तोंडाजवळ वीतभर पट्ट्यात फोडच फोड. एक फोडला तर निकलचा पापुद्रा उचलला गेला आणि खालून तपकिरी भुकटी पडली. तिथेच पत्र्याला चार मिलिमीटरचं आरपार भोक. गाडी आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत दोन किलोमीटर जाऊन परत यायची. एवढ्यात सायलेन्सर धड तापत नाही, आतलं आम्लट पाणी ठिबकत राहतं. ते याच कोपऱ्यावर उडत होतं.

पर्याय

गॅरेजच्या मिस्त्रीचा सल्ला होता: "काकांनू, हेका चांदी कलर मारूया, कोणाक कळाचा नाय." कळतं. क्रोम स्प्रे राखाडी चांदीसारखा दिसतो, आरसा होत नाही. शिवाय गुळगुळीत क्रोमवर रंग धरत नाही आणि धरावा म्हणून घासायचा पेपर मारला तर उरलेलं प्लेटिंगही जातं. हा पर्याय पहिल्याच दिवशी बाद झाला.

दुसरा पर्याय जुना बंपर शोधायचा. कुर्ल्यातल्या जुन्या स्पेअरच्या बाजारात पद्मिनीचा माल अधूनमधून मिळतो. पण टॅक्सीवरून उतरलेले बंपर ठोकून सरळ केलेले असतात आणि शेवटी तेही प्लेटिंगलाच पाठवावे लागतात. तिसरा, स्टेनलेस स्टीलचा नवा बंपर घडवून घेणं. टिकायला उत्तम, पण हातघडणीत मूळचा बाक हुबेहूब येत नाही आणि मालकांना मूळचा भाग टाकायचा नव्हता.

उरले दोन: दोन्ही बंपर नव्याने क्रोम करून घेणं, किंवा आहे ते साफ करून जपणं. मालकांचा कल दोन्ही क्रोम करण्याकडे होता, "एकदाच काय तो खर्च" म्हणून. इथे थांबून विचार झाला. नवं प्लेटिंग चढवायचं म्हणजे जुनं आधी उतरवायचं, पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा, मग छिद्रांच्या तळापर्यंत घासून सपाट करायचा. प्रत्येक वेळी पत्रा थोडा पातळ होतो आणि दाबलेल्या रेघांची धार बोथट होते. पुढच्या बंपरचं प्लेटिंग नव्वद टक्के शाबूत होतं. ते उतरवून त्या जागी त्याहून पातळ नवं प्लेटिंग येण्याचीच शक्यता जास्त. फोडांना मात्र दुसरा इलाज नाही, कारण सुटलेलं निकल परत चिकटत नाही.

म्हणून पुढचा जपायचा आणि मागचा प्लेटिंगला पाठवायचा असं ठरलं. दोघांच्या चमकेत फरक राहील, ही मालकांची शंका बरोबर होती. पण एक पुढे, एक मागे. दोन्ही बंपर एका वेळी कुणालाच दिसत नाहीत.

पुढचा बंपर: घरच्या घरी

कोमट पाण्यात शॅम्पू घालून पुढून-मागून धुतला, कडेतला गाळ दाभणाने आणि जुन्या टूथब्रशने काढला. मग एक लिटर कोमट पाण्यात पन्नास ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबाचं फूल. त्यात सुती चिंध्या भिजवून ठिपक्यांवर अंथरल्या आणि सुकू नयेत म्हणून वरून प्लास्टिक गुंडाळलं. दर चाळीस मिनिटांनी उचलून पाहायचं. खराब भागाला तीन वेळा लावावं लागलं, बाकीच्यांना एकदा. चिंचेच्या कोळानेही हेच होतं, पण हळू, आणि चिकटपणा धुवायचं काम वाढतं. रात्रभर ठेवू नये. गंज संपला की आम्ल उघड्या लोखंडाकडे वळतं.

मऊ झालेला गंज ॲल्युमिनियम फॉइलने काढला. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा चुरगळलेला बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने गोल फिरवायचा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा पुष्कळ मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही, आणि तुकडा छिद्रात राहिलाच तरी तांबूस होत नाही. करड्या रंगाची पेस्ट सुटते, ती लगेच पुसायची. वाळली तर निघता निघत नाही. पिवळसर डागावर मात्र फॉइल लावलं नाही. निकल क्रोमपेक्षा मऊ असतं, त्यावर ढगाळ रेघा उठतात.

नंतर लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालून आम्ल मारलं, साध्या पाण्याने धुतलं आणि लगेच हेअर ड्रायरने सुकवलं. "लगेच" हा शब्द महत्त्वाचा. किनाऱ्यावरच्या हवेत स्वच्छ ओलं लोखंड पाहता पाहता पिवळं पडतं. पहिल्या दिवशी जेवायला म्हणून अर्धा तास काम थांबलं आणि मागची बाजू पुन्हा पहिल्यापासून करावी लागली.

मागच्या बाजूला काय लावायचं यावर बरीच चर्चा झाली. जस्ताचा प्रायमर लावला तर लोखंडाऐवजी जस्त खर्ची पडतं, म्हणून तो मोहक वाटतो. पण तो नितळ, उघड्या लोखंडालाच लागला पाहिजे, आणि इथे खड्ड्यांत गंज उरणारच होता. वाळूचा मारा करून तो काढता आला असता, पण पुढच्या बाजूचं सैल प्लेटिंग उडायची भीती. म्हणून तारेच्या ब्रशने सुटा गंज काढून फॉस्फोरिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर, म्हणजे उरलेल्या गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं द्रावण, लावलं, चोवीस तासांनी दोन पॅकचा इपॉक्सी प्रायमर दोन हात आणि वरून ॲल्युमिनियम पेंट. कन्व्हर्टरवर जस्ताचा प्रायमर लावला असता तर पैसे पाण्यात, कारण मधल्या थराने त्याचा लोखंडाशी संबंध तुटतो.

पुढच्या बाजूला कार्नुबा मेण, दोन हात, मध्ये एक तास. क्लिअर लॅकरचा विचार सोडला. क्रोमवर तो एका बाजूने सुटतो, पाणी त्याच्याखाली शिरतं आणि मग पिवळे पट्टे दिसू लागतात. सगळा माल मिळून खर्च हजाराच्या आत.

मागचा बंपर: प्लेटिंगच्या शेडमध्ये

पाठवण्यापूर्वी प्लायवूडवर बंपरच्या बाकाचा साचा आखून कापला आणि भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची अंतरं त्यावरच लिहून ठेवली. आरपार भोकावर लोखंडी ठिगळ वेल्ड करून घेतलं. तिथे पुट्टी चालत नाही. पुट्टीतून वीज जात नाही, म्हणजे तिच्यावर निकल बसत नाही.

बंपर पुण्याजवळच्या भोसरीला पाठवला. प्लेटिंगवाल्याला विचारायचे प्रश्न आधी ठरवले होते. तांबं चढवणार का? छिद्रांचे खड्डे भरतात ते तांब्याने. जाड तांबं चढवून बफ मारायचा, गरज पडली तर पुन्हा चढवायचं. दुसरा प्रश्न निकल किती मायक्रॉन. यावर बहुतेक ठिकाणी "फुल देतो" असं उत्तर येतं, म्हणून विचारायचं वेगळ्या तऱ्हेने: निकलच्या टाकीत किती मिनिटं? दर चौरस डेसिमीटरला चार अँपिअर करंट असेल तर मिनिटाला साधारण ०.८ मायक्रॉन निकल बसतं. दहा मिनिटांत आठ मायक्रॉन होतात, ते घरातल्या खुर्चीच्या पायाला ठीक. उघड्यावरच्या गाडीला पंचवीस ते चाळीस मायक्रॉन लागतात, म्हणजे अर्धा-पाऊण तास. निकल-क्रोमसाठी आयएस १०६८ हे भारतीय मानक आहे, त्याचा उल्लेख केला तर समोरचा जरा सावरून बसतो. कारागिराने आधी पंधरा मिनिटं सांगितली, चाळीस मिनिटांचे जादा पैसे ठरले. बिलात सर्वात मोठा आकडा तरीही बफिंगच्या मजुरीचाच होता.

हे काम घरी करायचं नसतं, हे वेगळं सांगायला नको. क्रोमच्या टाकीतलं क्रोमिक ॲसिड कर्करोगकारक आहे.

काय बिघडलं

बंपर परत आला तेव्हा आरशासारखा होता. साच्यावर ठेवल्यावर डावं टोक सहा मिलिमीटर आत आलेलं दिसलं. बफ मारताना किंवा पोचे काढताना बाक हलला होता. बोल्ट आवळून ओढून घ्यायचा मोह होतो. तसं केलं असतं तर भोकांच्या कडेला प्लेटिंग तडकलं असतं. टोकाखाली लाकडी ठोकळे आणि गोणपाट ठेवून हाताच्या दाबाने थोडं थोडं करत तो साच्याला लावला, हातोडी न वापरता.

दुसरी भानगड तीन आठवड्यांनी उघड झाली. आतल्या बाजूला ब्रॅकेटसाठी स्पॉट वेल्ड केलेली पट्टी असते. तिच्या सांध्यातून तपकिरी ओघळ येऊ लागला. नव्या प्लेटिंगला गंज आला म्हणून मालक हवालदिल झाले. प्लेटिंग ठीक होतं. पट्टी आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत टाकीतलं ॲसिड अडकलं होतं आणि दमट हवेत हळूहळू बाहेर येत होतं. बंपर पुन्हा उतरवला, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात तासभर बुडवला, साध्या गरम पाण्यात दोनदा खंगाळला, दिवसभर उन्हात उलटा ठेवला आणि फटीत पातळ कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत शिरणारं गंजरोधक मेण) फवारलं. ओघळ थांबला.

बसवताना दोन्हीकडे स्टेनलेसचे बोल्ट वापरले, पण स्टेनलेस थेट साध्या लोखंडाला लागू दिलं नाही. मध्ये नायलॉनचे वॉशर, आट्यांवर ग्रीस.

निकाल

पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये तपासणी झाली. पुढच्या बंपरच्या त्या खराब चौकोनात चाळीसपैकी सहा छिद्रं पुन्हा तांबूस झाली होती. ओल्या फॉइलने पाच मिनिटांत निघाली आणि वर मेण लागलं. त्याच बंपरची मागची बाजू कोरडी, रंग शाबूत. पिवळसर डाग आणखी मंद झाला आहे, तो तसाच राहणार. मागच्या बंपरला ठिगळाच्या वेल्डवर एकच टाचणीएवढा ठिपका आला. वेल्डमध्ये हवेचा बुडबुडा राहिला होता, त्यावर प्लेटिंगने पूल बांधला आणि तो फुटला.

दिनक्रमही बदलला. प्लास्टिकचं कव्हर जाऊन सुती आलं, गाडीखाली फरशी घातली. आठवड्याला साध्या पाण्याने बंपर पुढून आणि खालच्या कडेतून धुतले जातात, मेण महिन्याला. बाजारची चक्कर आता मुद्दाम लांबून, पंधरा किलोमीटरची, म्हणजे सायलेन्सर पुरता तापतो.

वेगळं काय करता आलं असतं

मागचा बंपर पाठवण्याआधी पट्टीच्या सर्वात खालच्या जागी सहा मिलिमीटरचं निचऱ्याचं भोक पाडायला हवं होतं. ॲसिड तिथूनच निघून गेलं असतं आणि दुसऱ्यांदा बंपर उतरवावा लागला नसता. हे नंतर केलं तर नवं प्लेटिंग कापावं लागतं, म्हणून ते तसंच राहिलं.

वेल्ड झाल्यावर ते घासून सपाट करून भिंगातून पाहायला हवं होतं. बुडबुडा तेव्हाच दिसला असता आणि पुन्हा भरता आला असता. साचा बंपरसोबत भोसरीला पाठवला असता तर बाक तिथेच तपासला गेला असता. तो इकडे शेडमध्ये भिंतीला टेकून होता.

ॲसिडच्या डागाबद्दल मतं दोन आहेत. एक असं की पुढचाही क्रोम करून घ्यायला हवा होता, डाग नजरेत खुपतो. दुसरं असं की तळहाताएवढ्या डागासाठी चाळीस वर्षांचं, नव्वद टक्के शाबूत प्लेटिंग उतरवणं महाग पडलं असतं. मालक सध्या दुसऱ्या मताचे आहेत. गाडी उभी करताना मात्र तो कोपरा भिंतीकडे ठेवतात.